ग्रिफ्टलँड्समध्ये तुझी सॅल चौथ्या दिवशी का मरते

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे मधूनच कोणी वाचायला आलं तरी कळेल. ग्रिफ्टलँड्स हा पत्त्यांचा व्हिडिओ गेम खेळतोयस, त्यातलं सॅल हे पात्र घेऊन आठ रन (म्हणजे पहिल्यापासून सुरू केलेले खेळ) झाले, आठही वेळा ती गेममधल्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी मेली. मारामारीचा डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, जोरदार आहे, ३१ पत्ते झालेत. बोलण्याचा डेक जवळपास सुरुवातीला मिळतो तसाच आहे कारण 'ते निगोसिएशनचं (बोलून मनवण्याचं) काही झेपत नाही म्हणून जिथे दोन्ही पर्याय येतात तिथे सरळ सुरे काढतो'. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंयस की शरण आलेल्यांनाही संपवून टाकतो, उगाच मागे कटकट नको. शेवटी विचारलंयस की सॅल सोडून रूक हे दुसरं पात्र घेऊ का.

रूकचं शेवटी बघू. ते जाता जाता टाकलेलं वाक्य वाचून मला हसूच आलं, कारण माझे पहिले पंधरा-वीस रन अगदी याच्यातच गेलेत. २०२० च्या जूनमध्ये हा गेम स्टीमवर अर्ली ॲक्सेसला आला, लॉकडाऊन होतं, घराबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हापासून खेळतोय आणि आता साडेचारशे तासांच्या वर गेलेत, त्यातले निम्मे सॅलवरच. त्यामुळे जे सांगतोय ते पुस्तकी नाहीये, सगळं तोंडावर आपटून शिकलेलं आहे.

तू स्ले द स्पायर हा दुसरा पत्त्यांचा गेम भरपूर खेळलायस असं म्हणतोस आणि ते तुझ्या डेकवरूनही दिसतं. दोन्ही गेम वरवर बघितले तर सारखेच वाटतात, टर्नला पाच पत्ते हातात, तीन ॲक्शन, समोरचा पुढे काय करणार ते त्याच्या डोक्यावर दिसतं, जिंकलं की तीनातला एक पत्ता घ्यायचा. त्यामुळे डोकं आपोआप त्याच रुळावर जातं, समोर आला की मारा, पत्ता घ्या, पुढे चला. पण हा गेम मुळात असा नव्हताच. क्ले एंटरटेनमेंट, व्हँकुव्हरची कंपनी, डोन्ट स्टार्व्ह वाले, त्यांनी २०१७ मध्ये ग्रिफ्टलँड्स जाहीर केला तेव्हा तो साधा रोल-प्लेइंग गेम होता, मग सगळं मोडून २०१९ च्या जुलैत पत्त्यांचा गेम म्हणून अल्फा आणला आणि पूर्ण गेम १ जून २०२१ ला आला. हे का सांगतोय तर पत्ते नंतर आले तरी रोल-प्लेइंगचा सांगाडा आत तसाच राहिलाय. म्हणजे रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही फालतू गुंडालाही नाव आहे, तो कुठल्या टोळीचा ते ठरलेलं आहे, आणि तू त्याचं काय केलंस ते बाकीच्यांच्या लक्षात राहतं. स्ले द स्पायरमध्ये मेलेल्या राक्षसाचा भाऊ दुसऱ्या दिवशी दारात उभा राहत नाही, इथे राहतो.

तर आता मूळ मुद्दा. सॅलकडे दोन खिसे आहेत. एक हेल्थ, एक रिझॉल्व्ह, म्हणजे बोलण्यात टिकून राहायची ताकद. मारामारी जिंकली तरी हेल्थ खर्च होते आणि ती पुढच्या मारामारीपर्यंत आपोआप भरून येत नाही. निगोसिएशन जिंकलं तरी रिझॉल्व्ह खर्च होतो, तोही तसाच. तू सगळा खर्च एकाच खिशातून करतोयस. दुसरा खिसा गच्च भरलेला, त्याला हातही लावत नाहीस, आणि चौथ्या दिवशी बॉससमोर उभा राहतोस तेव्हा पहिल्या खिशात वीस-पंचवीस हेल्थ उरलेली. मग वाटतं डेक कमी पडला. अरे, डेक कमी पडला नाही, तू अर्धा मेलेला तिथे पोचलास.

शिवाय पत्त्यांचं बघ. मारामारी जिंकलीस की मारामारीचा पत्ता मिळतो, निगोसिएशन जिंकलंस की बोलण्याचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून बोलणं टाळलंस की तो डेक वाढतच नाही, आणि दिवस जातात तसे समोरचे लोक बोलायलाही जड होत जातात. मग तिसऱ्या दिवशी कधीतरी नाइलाजाने निगोसिएशन करावं लागतं, हातात तेच सुरुवातीचे पत्ते, हरतोस, आणि 'बघ म्हटलं नव्हतं, हे काही कामाचं नाही' असं म्हणून परत सुरे. हे चक्र पहिल्याच दिवशी तोडायचं. पहिल्या दिवशी समोरचे हलके असतात आणि निगोसिएशन हरलास तरी जीव जात नाही, फार तर काम बिघडतं किंवा शेवटी मारामारी करावी लागते, जी तू तशीही करणारच होतास. मारामारी हरलास तर मात्र खेळ खलास. मग शिकायचंच आहे तर स्वस्त ठिकाणी शिक ना.

आता निगोसिएशन झेपत नाही म्हणतोस तर ते नीट सांगतो, कारण गेममधलं शिकवणीचं प्रकरण घाईत उरकलेलं आहे आणि या गेममध्ये वाचायचंही इतकं असतं की माणूस कंटाळून पुढे पुढे दाबत जातो.

निगोसिएशन म्हणजे मारामारीच, फक्त अंगाऐवजी मुद्द्यांवर. तुझा एक मुख्य मुद्दा असतो, त्याच्यात तुझा रिझॉल्व्ह. समोरच्याचाही एक मुख्य मुद्दा असतो, तो शून्यावर आणला की जिंकलास. पण दोघांच्याही मुख्य मुद्द्याभोवती छोटे छोटे मुद्दे तयार होत राहतात, प्रत्येकाचा स्वतःचा रिझॉल्व्ह, प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी काम. कोणी दर टर्नला तुला टोचतो, कोणी त्याच्या मालकाला सांभाळतो. पत्ते तीन जातीचे. डिप्लोमसी म्हणजे गोडीगुलाबी, हॉस्टिलिटी म्हणजे दमदाटी, आणि मॅनिप्युलेशन म्हणजे बाकीची सगळी चलाखी, ज्यात बचावही आला. मारामारीत जसा डिफेन्स तसं इथे कंपोजर, फरक एवढाच की ते कुठल्या मुद्द्यावर लावायचं ते तू ठरवतोस. समोरचा कुठे रोख धरून बसलाय ते दिसतं, तिथेच लावायचं. हे बरेच जण करतच नाहीत, नेहमी मुख्य मुद्द्यावर कंपोजर ओततात आणि वार दुसरीकडेच येतो.

परवाचाच माझा एक डाव सांगतो. दुसरा दिवस होता, ॲडमिरल्टीचा एक शिपाई, माझ्याकडचा एक माणूस त्याला ताब्यात हवा होता आणि मला त्या शिपायाला कटवायचं होतं. (ॲडमिरल्टी म्हणजे तिथलं लष्कर-पोलीस सगळं एकत्र, आणि वागणूक तुला माहितीच आहे.) तिसऱ्या टर्नला माझ्या हातात दोन फास्ट टॉक (गोडीगुलाबीचे), एक थ्रेटन (दमदाटीचा), एक डिफ्लेक्शन (कंपोजर देणारा) आणि एक दोन ॲक्शनचा महागडा पत्ता. त्याच्या मुख्य मुद्द्यात १४ शिल्लक. बाजूला त्याने एक छोटा मुद्दा उभा केलेला, तो दर टर्नला माझ्या मुख्य मुद्द्याला ३ ने टोचत होता. माझा हात सारखा महागड्या पत्त्याकडे जात होता, तो आणि एक फास्ट टॉक मारला की त्याचे १४ चे ६ होतील, दिसायला मस्त. पण गणित बघ. उरलेले ६ काढायला अजून किमान एक टर्न, पत्ते वाईट आले तर दोन, आणि तोपर्यंत तो छोटा मुद्दा दोन वेळासुद्धा टोचणार म्हणजे ६, शिवाय शिपायाचा स्वतःचा वार वेगळाच. मी दोन्ही फास्ट टॉक त्या छोट्या मुद्द्यावर घातले, तो संपला, तिसऱ्या ॲक्शनला डिफ्लेक्शन मुख्य मुद्द्यावर. त्या टर्नला त्याच्या मुख्य मुद्द्याला ओरखडाही गेला नाही. पुढच्या तीन टर्नमध्ये निवांत संपवला आणि बाहेर पडलो तेव्हा रिझॉल्व्ह जवळपास जसाच्या तसा.

पण उलटंही करू नकोस हं. काही जण हे एकदा कळलं की समोरच्याचा प्रत्येक बारका मुद्दा झाडत बसतात आणि तो नवीन काढत राहतो, उंदीर पकडायला सगळं घर उपसल्यासारखं. मी एवढंच बघतो की हा मुद्दा डाव संपेपर्यंत मला एकूण किती लागणार आणि तो मोडायला मला किती ॲक्शन जाणार. शेवटच्या एक-दोन टर्नचा डाव उरला असेल तर बाजूचं काही बघायचं नाही, सरळ मुख्य मुद्दा.

आणि डिप्लोमसी आणि हॉस्टिलिटी यातलं एक पकड. इन्फ्लुएन्सने डिप्लोमसीच्या पत्त्यांना जोर येतो, डॉमिनन्सने हॉस्टिलिटीच्या. अर्धे पत्ते इकडचे अर्धे तिकडचे घेतलेस तर इन्फ्लुएन्स साठवलास तेव्हा हातात धमक्या येतात आणि डॉमिनन्स साठवलास तेव्हा गोड बोलणं. नवख्याने सॅलला गोडीगुलाबीवर न्यावं असं माझं मत आहे, कारण त्या पत्त्यांचा भरवसा जास्त, धमकीचे पत्ते लागले तर जोरात लागतात नाहीतर फुसके निघतात. पण दुसऱ्या दिवसापर्यंत दमदाटीचेच चांगले पत्ते समोर आले तर हट्ट करू नकोस, जे मिळतंय त्याच्या मागे जा.

आता शरण आलेल्यांना मारायचं ते. यावर जरा लांब बोलणार आहे.

मारामारीत प्रत्येकाच्या हेल्थच्या पट्टीवर एक खूण असते बघ, हेल्थ त्याच्या खाली गेली की तो माणूस घाबरतो, हत्यार टाकतो. सगळेच घाबरले की लढाई संपते आणि गेम तुला विचारतो, सोडायचं की संपवायचं. म्हणजे जिंकण्यासाठी कोणालाही शेवटच्या थेंबापर्यंत मारायची गरजच नाही, खुणेपर्यंत आणलं की झालं. तू एका घाबरलेल्या माणसावर अजून दोन ॲक्शन घालवतोस तेव्हा बाजूचा न घाबरलेला तुझ्यावर मोकळा वार करत असतो, म्हणजे तोटा तिथल्या तिथेच सुरू झाला. मी दोन-तीन जण समोर असले की आधी बघतो कोण खुणेच्या सगळ्यात जवळ आहे आणि कोणाचा वार मोठा आहे, त्यावर ठरवतो, सगळ्यांवर थोडं थोडं शिंपडत बसत नाही.

आणि खरा तोटा नंतर. माणसांचे तुझ्याशी असलेले संबंध पाच पायऱ्यांचे आहेत, अगदी द्वेषापासून अगदी प्रेमापर्यंत. मधल्या पायऱ्यांनी फार फरक पडत नाही. पण कोणी टोकाला जाऊन प्रेम करायला लागला की त्याच्याकडून एक बून मिळतो, म्हणजे सतत मिळत राहणारा फायदा, आणि कोणी द्वेष करायला लागला की बेन, म्हणजे सतत होत राहणारा तोटा. प्रत्येक माणसाचा वेगळा, काहींचा मारामारीत जाणवतो, काहींचा बोलताना. तू शरण आलेल्याला मारलंस की त्याच्या ओळखीतलं कोणीतरी तुझा द्वेष करायला लागतं आणि एक बेन चिकटतो. दोन मारले, दोन बेन. चौथ्या दिवसापर्यंत तुझ्या सॅलच्या अंगावर असे किती होते ते पुढच्या वेळी मोजून बघ, तुझ्या स्क्रीनवर दिसतात ते, तू बहुतेक दुर्लक्ष करत असशील. मी माझ्या एका जुन्या रनमध्ये पाच मोजले होते. पाच! आणि वर बॉसला शिव्या घालत होतो की हा फारच अन्यायकारक बनवलाय म्हणून.

गंमत अशी की बेन काढायचा एक मार्ग म्हणजे ज्याचा तो आहे त्यालाच उडवणं. पण भर दारूच्या गुत्त्यात जाऊन सरळ सुरा खुपसता येत नाही, त्याला आधी डिवचावं लागतं, म्हणजे तो स्वतः अंगावर येईल असं करावं लागतं. आणि डिवचणं म्हणजे काय? निगोसिएशन! म्हणजे मारामारी करून करून जो कचरा साठलाय तो साफ करायलाही बोलण्याचा डेकच लागतो. हे मला कळलं तेव्हा मी बनवणाऱ्यांना मनातल्या मनात हात जोडले.

मग मारायचंच नाही का कधी? तसं नाही. जनावरं आणि ती यंत्रं, ऑटोमेक, त्यांना नातेवाईक नाहीत, बिनधास्त मार. जो आधीच द्वेष करतोय आणि ज्याचा बेन जिव्हारी लागतोय त्याला डिवचून मार. आणि एखादा असा असतो की त्याला सोडलं तर पुढे अजून चार जणांना घेऊन येणार हे कथेतच दिसत असतं, तिथे तुझं तू ठरव. बाकी पहिले दोन दिवस माझ्या हाताला कोणाचं रक्त लागत नाही. उलट सोडलेला माणूस पुढे कुठेतरी भेटतो.

प्रेमवाल्या बाजूकडे तर लोक बघतच नाहीत. एखाद्याचं काम नीट केलंस, मधे कोणी मरू दिलं नाहीस, की तो लाइक करायला लागतो, तिथून अजून एक पायरी वर गेला की बून. मी दुसऱ्या दिवसाच्या शेवटी दोन बून असतील असं बघतो. शिवाय ओळखीचा माणूस जागेवर असला तर निगोसिएशनमध्ये तुझ्या बाजूने उभा राहू शकतो, कधी मारामारीतही. आमच्याकडे म्हणतात ना, गाव करी ते राव काय करी, सॅलचं अगदी तसं आहे, एकटी ती फार काही मोठी नाहीये.

याला जोडूनच एक. सॅलच्या कथेत ओलो आणि नादान यातला एक निवडायचा असतो, ओलो ॲडमिरल्टीची, नादान स्प्री टोळीचा. तू लिहिलंयस की कधी हा कधी ती, जे मनात येईल ते. तसं करू नकोस. पहिल्या दिवशी तुझी कोणाशी जास्त खणाखणी झाली ते बघ. स्प्रीच्या चार पोरांना बडवून ठेवलंयस आणि मग नादानच्या बाजूला गेलास तर ज्यांच्यात उठबस करायची त्यांच्यातलेच तुझ्यावर डूख धरून. ज्या बाजूचे लोक आधीच बरे आहेत तिकडे जा, बक्षीस काय मिळतं ते नंतर.

आता तुझे ३१ पत्ते. हे सगळ्यात सोपं आहे म्हणून शेवटाकडे ठेवलं.

टर्नला पाच पत्ते येतात. ३१ चा डेक एकदा पूर्ण फिरायला सहा टर्न आणि वर एक पत्ता. साधारण लढाई पाच-सहा टर्नमध्ये आटपते. म्हणजे तुझा तो जबरदस्त फिनिशर (साठवलेला कॉम्बो खर्चून मोठा वार करणारा पत्ता) ज्याचं तू एवढं कौतुक लिहिलंयस तो एका लढाईत एकदा दिसतो, आणि तोही कॉम्बो साठलेला नसताना हातात आला तर वायाच. माझा सॅलचा डेक चौथ्या दिवशी सोळा-सतरा पत्त्यांचा असतो, दर तीन-चार टर्नला सगळे पत्ते परत हातात. स्ले द स्पायरमध्येही बारीक डेक चांगलाच, पण इथे अजून एक कारण आहे जे तिथे नाही. इथे पत्ता खेळून खेळून शिकतो. प्रत्येक वेळी वापरला की त्याला अनुभव मिळतो, पट्टी भरली की अपग्रेड, आणि त्यातही दोन पर्याय देऊन विचारतात कुठला हवा. ३१ पत्त्यांत कुठलाच पत्ता पुरेसा खेळला जात नाही, त्यामुळे चौथ्या दिवशीही तुझे निम्मे पत्ते कोरेच असणार. सोळाच्या डेकमध्ये सुरुवातीचे साधे पत्तेसुद्धा दुसऱ्या दिवशी अपग्रेड होतात. आणि ते साधे म्हणून हिणवू नकोस, सुरुवातीचा फीन्ट नीट अपग्रेड झाला की शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या डेकमध्ये असतो, आणि नवीन चकचकीत पत्ते मी त्याच्यासाठी नाकारलेले आहेत.

तेव्हा जिंकल्यावर तीन पत्ते दाखवले म्हणून एक घेतलाच पाहिजे असं नाही, सोडून देता येतं. पहिल्या दिवशी मी जे बरं वाटेल ते घेतो कारण अजून दिशा ठरलेली नसते, दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न, हा पत्ता माझ्या ब्लीडला (समोरच्याचं रक्त वाहतं ठेवण्याला) किंवा कॉम्बोला, जे काही धरलंय त्याला, मदत करतो का. नसेल करत तर राम राम. आणि पैसे देऊन डेकमधला पत्ता काढून टाकता येतो, तिथे शिल्स (गेममधले पैसे) खर्च करायला लाजू नकोस. तू सगळे शिल्स ग्राफ्टवर, म्हणजे अंगात बसवायच्या जास्तीच्या शक्तींवर, घालतोस असं दिसतंय, ग्राफ्ट छानच असतात, पण वाईट डेकला चांगला ग्राफ्ट म्हणजे फाटक्या शर्टाला सोन्याचं बटण.

आयटमचे पत्तेही वापर. त्यांचे वापर मोजके असतात, संपले की गेले, म्हणून तू ते जपून ठेवतोस आणि शेवटच्या लढाईत सहा आयटम घेऊन मरतोस. माझे एक मामा रमी खेळताना असेच, हातात दोन जोकर दाबून बसायचे, अजून चांगली रचना होईल म्हणून थांबायचे, तोवर समोरचा डाव लावून मोकळा आणि मामांना फुल बसायचा. दर वेळी! आयटम हातात आला आणि त्याने या लढाईतली दहा हेल्थ वाचत असेल तर आत्ताच टाक, ती दहा हेल्थ बॉसपर्यंत तुझ्याबरोबर येणार आहे.

भाड्याने माणूस घेणं किंवा पाळीव प्राणी, याबद्दल दोन शब्द. दुसऱ्या दिवसानंतर शिल्स उरत असतील तर घे, समोरच्यांचे वार वाटले जातात आणि तेच तुला हवंय. फक्त तो मेला तर मेला, परत येत नाही, म्हणून त्याची हेल्थ खाली गेल्यावरही त्याला ढाल म्हणून वापरत बसू नकोस.

काशिओपर्यंत, म्हणजे सॅलच्या कथेतल्या शेवटच्या बॉसपर्यंत, पोचलास की तिथे मात्र गोड बोलून काही होणार नाही, तिथे सुरेच. म्हणून मी मारामारीचा डेक सोड असं म्हणतच नाहीये. तो सांभाळून आण. माझा ढोबळ हिशोब असा की दिवसभरात जेवढ्या ठिकाणी दोन्ही पर्याय मिळतात तिथे ज्या खिशात जास्त आहे त्यातून खर्च करायचा, हेल्थ अर्ध्याच्या खाली गेली की बोलायचं, रिझॉल्व्ह खाली गेला की मारायचं, आणि दिवसाच्या बॉसच्या आधीची दोन कामं शक्यतो बोलूनच उरकायची. एवढं केलंस तरी तू बॉससमोर तीस-चाळीस हेल्थ जास्त घेऊन उभा राहशील, पत्ता एकही न बदलता.

राहिला रूक. आत्ता नको घेऊस. रूक म्हातारा हेर, गोष्ट ग्राउट बॉग नावाच्या भागात, तिथली सत्ता हातात असलेले स्पार्क बॅरन आणि त्यांच्याविरुद्ध उठलेले राइझवाले यांच्यामध्ये तो दोन्हीकडे पाय ठेवून असतो, आणि मला तीनही कथांत तीच सगळ्यात आवडते. पण त्याची बंदूक चार्जवर चालते, चार्ज भरणं आणि रिकामे करणं हा वेगळाच हिशोब, आणि बोलताना त्याच्याकडे एक नाणं असतं, एका बाजूला डोकं एका बाजूला गोगलगाय, ते उडवून पत्त्यांचे परिणाम बदलतात. सॅलचं साधं निगोसिएशन हातात बसलेलं नसताना वर ते नाणं आलं की तू परत सगळीकडे बंदूकच काढणार, आणि ग्राउट बॉगमध्ये दोन्ही बाजूंना सांभाळून राहायचं असताना तर अजून लवकर मरशील. स्मिथ हे तिसरं पात्र त्यानंतर, तो दारू पिऊन बाटल्या फोडत फिरणारा माणूस आहे, त्याची मजा वेगळी.

तेव्हा नववा रनही सॅलच घे. पहिल्या दिवशी जिथे जिथे बोलायचा पर्याय येईल तिथे बोल, हरलास तरी बोल, आणि पहिले दोन दिवस शरण आलेल्या एकालाही हात लावू नकोस. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डेकचे पत्ते मोज, अंगावर बून किती बेन किती ते बघ, आणि ते चार आकडे मला इथेच लिहून टाक, मग पुढचं कुठला पत्ता काढायचा ते नावानिशी सांगतो.